आठ नंबर संपलेत, नऊ घेऊन जा

कोल्हापुरात मापानं चप्पल करून घ्यायला गेलात तर कारागीर पहिल्यांदा तुम्हाला कागदावर उभं करतो. बसवून माप घेत नाही, उभं करूनच घेतो, कारण अंगाचं वजन पडलं की पाय पसरतो, लांबीला थोडा वाढतो आणि चवड्याला तर चांगलाच वाढतो. मग पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ ओढतो, चवड्यावरून टेप फिरवून घेर घेतो, दुसऱ्या पायाचं माप वेगळं घेतो, आणि मधेच सहज विचारतो, काम काय करता, उभ्यानं का बसून? सुभाषनगरात हे सगळं पाच मिनिटांत होतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

आणि याच गावाच्या एमआयडीसीत, शिरोलीला घ्या, गोकुळ शिरगावला घ्या, कागलच्या फाइव्ह स्टारला घ्या, आठ-आठ बारा-बारा तास उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला सेफ्टी शूज कसे मिळतात, तर स्टोअरच्या खिडकीतून. किती नंबर? आठ. आठ संपलेत, नऊ घेऊन जा, मोजे डबल घाल. सही कर. झालं.

मी फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. कास्टिंग, म्हणजे ओतून झालेला भाग, तपासायचं काम, त्यामुळं दिवसभर शॉपवर, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, उभं राहणं आणि चालणं. मधे सेफ्टी कमिटीवर नाव लागलं आणि तेव्हापासून मी या बुटांच्या मागे लागलोय, घरचे पण म्हणतात की माणसाशी बोलताना तू आधी पायाकडे बघतोस, ते खरं आहे. माझं म्हणणं तसं एका वाक्यात सांगता येईल, की ज्याला त्या बुटात उभं राहायचंय त्यानं तो घालून, चालून, बसून बघितल्याशिवाय बूट विकत घेतला जाऊ नये, मग तो कंपनीनं घेतलेला असो नाहीतर स्वतःच्या पैशानं. पण हे नुसतं म्हणून भागत नाही, बघायचं काय ते कळायला पाहिजे, म्हणून जरा लांबण लावतोय.

दुकानात गेल्यावर आपण आधी रंग बघतो, मग किंमत, मग नंबर. कामाच्या बुटाला पहिले प्रश्न दोनच. पायावर काय पडू शकतं, आणि पाय कशावर उभा आहे.

आमच्याकडे पडायला पुष्कळ काही आहे. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करायच्या कामात, रनर-रायझर हे रसाच्या वाटांचे राहिलेले जादा तुकडे तोडताना कास्टिंग हातातून सुटतं, साच्याची पेटी म्हणजे मोल्ड बॉक्स सरकतो, हातोडा पडतो. त्यासाठी पुढची स्टीलची टोपी. आपल्याकडच्या सेफ्टी शूजचं मानक आयएस 15298 चा भाग 2, आणि त्यात टोपीची परीक्षा अशी घेतात की 20 किलोचं वजन साधारण एक मीटर उंचीवरून टोपीवर सोडायचं, म्हणजे 200 जूल ऊर्जा, आणि नंतर बघायचं की टोपी दबल्यावर आत बोटांना किती जागा उरली. आठ नंबरच्या बुटात साधारण 14 मिलीमीटर तरी उरली पाहिजे. दुसरी परीक्षा दाबाची, 15 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं दीड टन वजन टोपीवर. याच मानकाचा भाग 3 असलेले बूट निम्म्या म्हणजे 100 जूललाच तपासलेले असतात, आणि भाग 4 च्या बुटांना टोपीची अटच नाही. बाहेरून तिन्ही काळेच आणि सारखेच दिसतात. त्यामुळं आयएसआयचा शिक्का आहे का एवढंच नाही, त्याच्या वरचा आकडा पण वाचायचा.

शॉपवर एक समज फार पक्का बसलेला आहे, की जड वस्तू पडली तर स्टीलची टोपी वाकून बोटंच कापते, त्यापेक्षा साधा बूट बरा. चांगले वीस-वीस वर्षं काम केलेले लोक हे सांगतात आणि नवीन पोरं ऐकतात. अहो, जे वजन ती टोपी वाकवेल ते वजन उघड्या बोटांवर पडलं तर बोटांचं काय होईल? टोपी नसताना बोटं वाचतील अशी कुठलीच परिस्थिती यात नाही. हां, एक गोष्ट मात्र खरी आहे, एकदा जोराचा मार बसलेली टोपी वरून ठीक दिसली तरी तो बूट परत वापरायचा नाही, टाकून द्यायचा. आणि टोपी फक्त बोटांना वाचवते. तिच्या मागची जी पायाची वरची हाडं, तिथं कास्टिंग पडलं तर टोपीचा काही उपयोग नाही, तिथं वेगळा गार्ड लागतो, मेटाटार्सल गार्ड म्हणतात त्याला. जिथं जड कास्टिंग हातानं उचलतात तिथं तो असायला पाहिजे आणि बहुतेक ठिकाणी तो नसतो.

पोअरिंगची, म्हणजे साच्यात रस ओतायची, गोष्ट वेगळी. तिथं पडणारी गोष्ट घन नाही, 1350-1400 डिग्रीचा बिडाचा रस आहे. लॅडलमधून, म्हणजे रसाच्या बादलीतून, ओतताना शिंतोडे उडतात, आणि ओली वाळू किंवा पाण्यावर मेटल पडलं तर पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ते मेटल उसळतं. अशा जागी आपले नेहमीचे लेसवाले सेफ्टी शूज घालणं म्हणजे धोका आहे, कारण शिंतोडा लेसच्या फटीत, जिभेच्या कडेनं आत जातो आणि मग बूट पटकन काढता येत नाही, गाठ सोडेपर्यंत पाय भाजत राहतो. तिथं बिनलेसचे, वर घोट्यापर्यंत गच्च बसणारे आणि एका झटक्यात निघणारे बूट लागतात, आणि पँट बुटाच्या बाहेरून, आत खोचलेली नाही, वर चामड्याचा गेटर, म्हणजे पोटरीवर बांधायचं आवरण. मोजे सुती नाहीतर लोकरीचे. नायलॉनचा मोजा वितळून कातडीला चिकटतो. या मोज्याच्या गोष्टीकडे कोणी लक्षच देत नाही, बुटावर हजार-दीड हजार खर्च करतात आणि आत रस्त्यावरचा तीस रुपयांचा नायलॉनचा मोजा.

पोअरिंगच्या बुटाचा तळ पण बघायचा. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, तळ हलका आणि मऊ, उभं राहायला छान, पण गरम गोष्टीवर पाय पडला तर टिकत नाही. नायट्राइल रबरचा तळ जड, जरा कडक, पण त्यावर एचआरओ असं लिहिलेलं असेल तर तो 300 डिग्रीच्या पृष्ठभागावर एक मिनिट टेकवून तपासलेला असतो. म्हणजे सगळ्या फौंड्रीला एकच बूट हा हिशेबच चुकीचा आहे. मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करायचा, वेगळा, पोअरिंगचा वेगळा, फेटलिंगचा वेगळा, आणि मशीन शॉपला कूलंट आणि तेल सांडलेलं असतं तिथला अजून वेगळा. पण एकच मॉडेल घेतलं की रेट कमी मिळतो आणि कागद पण एकच करावा लागतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, कारण हे कुठल्या कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं. आपल्याकडं फ्लोअर मोल्डिंगचं काम उकिडवं बसून होतं. बसलं की टाच उचलते, बूट चवड्यात वाकतो आणि टोपीची मागची कड बरोबर बोटांच्या मुळाशी रुतते. आमच्या एका जुन्या मोल्डरनं हे मला दाखवलं. म्हणाला, "सायेब, उभं ऱ्हायल्यावर काय न्हाय, बसलो की बोटावर पट्टी रुततीया बघा." पाय काढून दाखवला तर पाचही बोटांच्या वर आडवा काळा वळ आणि करंगळीवर जुनी भोवरी. हा माणूस काय करत होता, तर साहेब राउंडला आले की बूट घालायचा आणि गेले की काढून स्लीपर. त्याला सगळे शिस्त नाही म्हणायचे. अहो, शिस्तीचा काय संबंध, तो बूट त्याच्या कामासाठी बनलेलाच नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, बूट घेताना दुकानात उकिडवं बसून बघा. दुकानदार बघतो जरा विचित्र नजरेनं, बघू दे. बसल्यावर कड रुतत असेल तर त्याच नंबरात चवड्याला जरा रुंद असलेला किंवा टोपीच्या मागच्या कडेला आतून जाड अस्तर असलेला बूट मागा. मिळतात.

घसरण्याबद्दल पण बोलायला पाहिजे कारण जखमा मोठ्या वजनानंच होतात असं नाही, साधं घसरून पडल्यानं मनगट मोडलेली माणसं माझ्या ओळखीत जास्त आहेत. तळाला किती खोल नक्षी आहे ते बघून लोक ठरवतात, पण तेलकट गुळगुळीत फरशीवर खोल नक्षीपेक्षा तळाचं मटेरियल आणि पातळ जवळजवळच्या खाचा जास्त कामाच्या. बुटावर एसआरसी असं असेल तर तो साबणाच्या पाण्यातल्या टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवर अशा दोन्ही परीक्षांत पास झालेला असतो, नवीन पद्धतीत नुसतं एसआर लिहितात, त्यात ग्लिसरीनची परीक्षा पण टाइलवरच होते. शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे छर्रे मारून कास्टिंग साफ करायच्या, मशीनजवळ मात्र जमिनीवर बारीक स्टीलचे गोल छर्रे पसरलेले असतात, त्यावर कुठलाच बूट धरत नाही, तिथं झाडू मारणं आणि मशीनचं गळणारं सील बदलणं हाच उपाय. बुटानं सगळं होत नाही हे पण मान्य करायला पाहिजे.

अजून एक, इलेक्ट्रिशियन पोरांसाठी खास. बुटावर अँटिस्टॅटिक लिहिलेलं असतं ते वाचून शॉक लागणार नाही असं समजू नका. अँटिस्टॅटिक बूट अंगावरचा स्थिर विजेचा भार हळूहळू जमिनीत जाऊ देण्यासाठी असतो, म्हणजे तो थोडी वीज वाहू देतो. विजेपासून वाचवणारा इन्सुलेटिंग बूट ही वेगळी वस्तू आहे.

हे झालं अपघाताचं. पण रोज जे होतं ते अपघातात मोजलं जात नाही. एका पायात 26 हाडं, दोन्ही मिळून 52, म्हणजे अंगातल्या 206 हाडांपैकी चौथा हिस्सा पायात, आणि ती सगळी स्नायूंनी आणि बंधांनी कमानीत बांधलेली. सिमेंटच्या कोब्यावर आठ तास उभं राहिलं की ती कमान दिवसभर ताणलेली राहते. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत अशी कळ येते की भिंत धरावी लागते, आणि दहा-वीस पावलं चालल्यावर कमी होते. मला होती, माझ्या बायकोला आहे, ती शाळेत शिकवते, फळ्यासमोर उभ्यानं पाच-सहा तास. तळव्याच्या पट्ट्याला सूज असते ती, डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणतात. आमच्याकडं लोक त्यावर वीट गरम करून शेक घेतात आणि परत तोच घासून पातळ झालेला बूट घालून शिफ्टला येतात.

उभ्या कामाच्या बुटात काय बघायचं ते मला एका फिजिओथेरपिस्टनं शिकवलं आणि ते मी आता येईल त्याला शिकवतो. टाचेच्या मागचा भाग दोन बोटांनी दाबून बघा, सहज दबत असेल तर तो टाच सरळ धरणार नाही. बूट हातात धरून वाकवा, तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध कमानीत वाकला तर नको. फडकं पिळतो तसा पिळून बघा, सहज पिळला गेला तरी नको. आतलं गादीसारखं सोल बाहेर काढा आणि त्यावर पाय ठेवून उभे राहा, पायाचा कडेचा भाग बाहेर येत असेल तर बूट अरुंद आहे. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं, आणि ते अंगठाच असतं असं नाही, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. टाच मागं सुटत असेल तर लेस बांधायची एक पद्धत आहे, सगळ्यात वरच्या दोन भोकांत बाहेरून फास करायचा आणि त्यातून लेस उलट ओढायची, टाच जागेवर धरते. आणि खरेदीला संध्याकाळी जा, शिफ्ट सुटल्यावर, कारण दिवसभरात पाय सुजलेला असतो आणि बूट तुम्ही त्या पायात घालणार आहात, सकाळच्या पायात नाही. कामाचे मोजे घालून जा. मऊ लागला म्हणून घेऊ नका, फार मऊ गादी पहिल्या आठवड्यात बरी वाटते आणि नंतर दबून चपटी होते. आतलं सोल वेगळं मिळतं, बदलता येतं, बूट चांगला असेल तर दर काही महिन्यांनी फक्त तेच बदला.

पण बूट कितीही चांगला असला तरी एका जागी उभं राहणं हेच शरीराला मानवत नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं, नुसतं उभं राहिलं की रक्त खाली साचतं, घोटे सुजतात, शिरा फुगतात. फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 च्या कलम 44 मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय पाहिजे, म्हणजे कामात उसंत मिळाली की त्यांना बसता येईल. कितीजणांना हे माहीत असेल? दुकानांसाठी केरळनं 2018 ला आणि तमिळनाडूनं 2021 ला बसायचा हक्क कायद्यात आणला. आपल्या महाद्वार रोडला, राजारामपुरीत साड्यांच्या दुकानात ज्या मुली उभ्या असतात त्यांच्याकडं बघा. चपला बाहेर, आत गार टाइल, अनवाणी, सकाळी दहा ते रात्री नऊ. गादीवर चप्पल चालत नाही हे मान्य, पण आत वापरायचे धुतलेले मऊ रबरी सँडल दुकानानं द्यायला काय हरकत आहे, दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला देतातच की.

दवाखान्याचं निघालं म्हणून, माझी बहीण नर्स आहे. तिच्या वॉर्डात बऱ्याच जणी पुढून उघड्या सँडलवर काम करतात, कारण बंद बुटात घाम येतो. वरून सुई पडली, उकळतं पाणी सांडलं, स्टँडचं चाक गेलं, तर उघडी बोटं. बंद पुढा, धुता येणारं मटेरियल, न घसरणारा तळ, मागं पट्टा, आणि टाच दोन-तीन सेंटिमीटरच्या वर नाही, एवढं तिला पटलं आणि तिनं आणखी चौघींना पटवलं.

आता कोल्हापुरी चपलेबद्दल बोललो नाही तर लोक मला गावात फिरू देणार नाहीत. मला ती मनापासून आवडते. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीनं शिवलेली, आणि घालून घालून ती त्याच माणसाच्या पायाच्या आकाराची होते. 2019 ला तिला जीआय, म्हणजे ती याच भागाची वस्तू असल्याची सरकारी नोंद, मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसलीच चप्पल दिसली आणि सगळीकडे चर्चा झाली, बरं झालं, कारागिरांचं नाव निघालं. पण कामाच्या जागी ती घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मागं पट्टा नाही म्हणून बोटांनी धरून चालावं लागतं, चामड्याचा तळ ओल्या फरशीवर सरकतो, बोटं उघडी. ऑफिसात, लग्नात, गावच्या जत्रेला घाला. शॉपवर, किचनमध्ये, पावसात गाडी चालवताना नको.

शेतातलं बघितलं तर परिस्थिती फौंड्रीपेक्षा वाईट आहे. ऊस तोडल्यावर जमिनीत जे बुडखे राहतात ते कोयत्यानं तिरके कापलेले, टोकदार असतात. त्यावरून डोक्यावर मोळी घेऊन बायका-माणसं चालतात, पायात घासलेली स्लीपर. आणि पाचटात घोणस असते, नाग असतो. साप चावतो तो बहुतेक वेळा पायाला नाहीतर घोट्याच्या आसपास. गमबूट असेल तर वाचतो माणूस, पण दिवसभर उन्हात गमबुटात मोळ्या वाहणं पण शक्य नाही, हे त्यांच्याशी बोलल्यावर कळतं. घोट्याच्या वर जाणारा, जाड तळाचा, कॅनव्हासचा बूट त्यांना चालेल असं बऱ्याच जणांनी सांगितलं. साखर कारखान्यांनी हंगामाच्या आधी माप घेऊन असे बूट दिले तर खर्च फार नाही. गुऱ्हाळावर पण तेच, काहिलीतला उकळता पाक पायावर पडला तर चिकटून बसतो, पाण्यासारखा निथळत नाही, आणि तिथंही माणसं अनवाणीच.

नंबराचं एक कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपण जे सहा-सात-आठ नंबर वापरतो ते इंग्रजांच्या पायावरून आलेत. चेन्नईच्या सीएलआरआयनं, म्हणजे केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं, डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर 79 ठिकाणी एक लाखाच्या वर लोकांच्या पायांची मापं घेतली, आणि त्यात आलं की भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद आहेत. त्यावरून भारतीय मापांची नवीन पद्धत सुचवली गेलीय, 'भा' या नावानं. म्हणजे आपण वर्षानुवर्षं रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवून घेतोय. आठचा पाय असलेला माणूस नऊ घेतो कारण आठ चवड्याला चावतो, मग नऊची टाच सुटते, बूट वाकतो तिथं पाय वाकत नाही, आणि जिन्यावर पुढचं टोक अडकतं.

आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या आत ठेवायचे वाळूचे गाभे करतात तिथं, बायका आहेत, त्यांचं तर विचारूच नका. चार आणि पाच नंबरचे सेफ्टी शूज स्टोअरला यायचेच नाहीत. आले तरी पुरुषांच्या साच्याचे, लहान केलेले, आणि बायकांची टाच चवड्याच्या मानानं अरुंद असते त्यामुळं मागं सगळं ढिलं. "दादा, चार नंबर आणा की वो एकदा" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. शेवटी सप्लायरला सांगून बायकांच्या साच्याचे सॅम्पल मागवले, तीन प्रकार, कॅन्टीनच्या टेबलावर ठेवले आणि प्रत्येकीला घालून, चालून, बसून बघायला लावलं. पुरुषांचं पण तसंच केलं. कागदावर उभं करून दोन्ही पायांची मापं घेतली, रुंदीसकट, आणि यादी केली. कमर्शियलवाल्यांना भीती होती की सगळे महागाचा मागतील. तसं झालं नाही. मोल्डिंगच्या लोकांनी सगळ्यात स्वस्त मॉडेल निवडलं कारण बसल्यावर तोच रुतत नव्हता.

त्याच वेळी स्टोअरच्या मागच्या रॅकमधून जुने न वापरलेले बॉक्स काढले, तर निम्म्या बुटांचा तळ हातात भुगा होऊन आला. पीयूचं असं होतं, दमट हवेत पडून राहिलं की न वापरता पण आतून कुजतं, आणि कोल्हापूरचा पावसाळा काय सांगायला नको. म्हणून बुटाच्या जिभेवर बनवल्याची तारीख असते ती बघूनच घ्या, सेलमध्ये तर हमखास.

पावसाळ्यात चिखल्या होतात त्याचं पण मूळ बुटातच. ओला बूट रात्रभरात वाळत नाही आणि सकाळी परत तोच. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त टिकतात आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या राहतात. नाहीच दुसरा जोड तर आत वर्तमानपत्र कोंबा, सोल बाहेर काढून ठेवा. आमची पोरं बूट ओव्हनजवळ वाळवतात, त्यानं चामडं कडक होतं, तडकतं आणि मग तेच घोट्याला घासतं. शुगर असलेल्यांनी तर रोज घालायच्या आधी बुटात हात घालून बघा आणि रात्री तळवे बघा, नाहीतर घरच्यांना बघायला सांगा, कारण शुगरमुळं पायाची जाणीव कमी झालेली असली तर वाळूचा एक खडा दिवसभर टोचत राहिला तरी तुम्हाला कळणार नाही आणि जखम मोठी होईल.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, कॉन्ट्रॅक्टच्या पोरांची. कंपनीच्या माणसाला बूट मिळतो, त्याच्या शेजारी तेच काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या पोराला मिळत नाही, नाहीतर पगारातून पैसे कापून मिळतो. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत लिहिलंय की सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, पोरं महिन्यात सोडून जातात, बूट घेऊन जातात, मी किती जणांना देऊ. जाऊ दे की घेऊन, दुसऱ्या फौंड्रीत घालतील. त्यांची मापं घेऊन यादी मी दिलेली आहे, पैसे कंपनीनं किती आणि कॉन्ट्रॅक्टरनं किती यावर बोलणं अडलंय. तोवर बूट नसलेल्या माणसाला पोअरिंग लाइनवर घ्यायचं नाही, एवढं तिन्ही शिफ्टच्या सुपरवायझरांनी मान्य केलंय.